सतरा नंबर

शनिवारी दुपारी तीनला गाडीखाली गेले.
मागचा डावा शॉकअप.
वरचा नट चहा निवायच्या आत सुटला.
खालचा बोल्ट मात्र बसून राहिला
जुन्या कारकुनासारखा:
ऐकतो सगळं, हलत नाही.

पाथर्डी फाट्याची आमची सोसायटी,
जानेवारीतली पार्किंगची फरशी.
पाठीखाली कांद्याचं पोतं,
त्यातली एक साल
रात्री केसांत सापडली.

जोर दिला. पाना निसटला.
बोटांची पेरं सोलली, गंजाची भुकटी डोळ्यात.
अंबड लिंक रोडच्या भंगारातून आणलेला
हातभर पाइप पान्याला चढवला
आणि लटकले.
गाडी हलली. जॅक कुरकुरला.
बोल्ट नाही.

वर गॅलरीत कानटोपी घातलेले खैरनार काका,
सातपूरला बत्तीस वर्षं टर्नर:
"कोपरे मारू नकोस गं त्याचे.
कोपरे गेले की तो कुणाचाच नाही."
"गॅसनं तापवू का, काका?"
"तापव की. पेट्रोलची टाकी कुठंय ते बघ,
आणि तापव."

या बोल्टला शेवटचा हात उमाकांतचा.
त्याला काहीच हलकं बंद करता यायचं नाही.
लोणच्याची बरणी, मोरीतला नळ,
माझ्या डब्याचं झाकण, जे शाळेत
शिपाईमामांनी उघडून द्यायचं.
आई म्हणायची, ह्यानं लावलेलं उघडायला ह्यालाच बोलवा.
आणि यायचा तो, हात पँटला पुसत, हसत.
"सैल ठेवलं की वाजत राहतं, ताई."

मखमलाबादच्या प्लॉटच्या कागदांवर
सही करून गेला, त्याला सहा वर्षं.
माझं शाईचं पेन परत देताना
टोपण असं काही फिरवून दिलं
की ते अजून
असो.
पेन कपाटात आहे.

रात्री चार वेळा खाली उतरले, बॅटरी दातांत.
तेलाचा फवारा, मग हातोडीनं टकटक.
ठोकायचं नाही, काकांनी बजावलेलं,
नुसतं कळवत राहायचं.
वॉचमन दोनदा येऊन बघून गेला,
तिसऱ्यांदा त्यानं स्वतःचं स्टूल आणून दिलं.
गाडीखाली स्टुलाचा काय उपयोग,
पण मी घेतलं.

रविवारी सकाळी काका स्वतः उतरले.
हात थरथरतो म्हणून खिशातच ठेवलेला.
"आता आवळ."
"आवळू?"
"किंचित. केसभर."
"काढायचाय ना तो, काका."
"गंज तुटायला दिशा लागत नाही."

आवळला.
कट्.
वाळक्या शेंगेवर पाय पडावा, एवढाच आवाज.
मग उलटा. पाव आटा.
असा किंचाळला की वरच्या मजल्यावरचं पोर
रडायला लागलं.
पुन्हा आत, पुन्हा बाहेर, थेंबभर तेल,
पाऊण तास
एका बोटाएवढ्या लोखंडाशी.

हातात आला तेव्हा गरम होता.
डोक्याशी तांबडा, फुगलेला, पापुद्रे सुटलेला.
पण टोकाकडच्या आट्यांत, अगदी खाचेत,
काळं काहीतरी. नखानं काढून पाहिलं.
ग्रीस.
वाळून डांबर झालेलं, पण ग्रीसच.
आवळण्याआधी बोटानं फिरवून लावलेलं.

काकांना दाखवलं.
ते म्हणाले, "लावणारा जाणता होता.
पुढं कुणाला तरी काढायचाय, हे धरून लावतात."
मी बोल्ट पुसला, मग वाटलं पुसायला नको होता.

नव्या बोल्टला मीही लावलं.
हातानं जाईल तेवढा घातला, मग पाना.
बसला.
"बास," काका म्हणाले. "बास, बास."
मी अजून पाव आटा दिला.
घरची सवय.